शत्रू कोणत्या तीरावरचा?

गेल्या हिवाळ्यात आम्ही कुटुंबासह काशीद येथे चार दिवस मुक्कामास होतो. एके रात्री तरुण मंडळींच्या आग्रहावरून १९९९ साली निघालेला 'सरफरोश' हा हिंदी चित्रपट सर्वांनी मिळून पाहिला. सीमेपलीकडून येणारी शस्त्रे, त्यांचा माग काढणारा मुंबईचा पोलीस अधिकारी, आणि या देशात गझलगायक म्हणून मानाने वावरणारा पाकिस्तानी गुलफाम हसन हाच अखेर सूत्रधार ठरणे, अशी ती कथा. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरूच्या बनाजवळ शहाळी विकणाऱ्या एका वृद्ध कोकणी मुसलमानाशी आम्ही बोलत असता आमच्या दहा वर्षांच्या भाच्याने विचारले, "मामा, हे तिकडचे का हो?" त्या वृद्धाची मराठी आमच्या मराठीपेक्षा अधिक या मातीतली होती. त्याने प्रश्न ऐकला आणि काही न बोलता शहाळे सोलले. आम्ही मात्र ओशाळलो.

दोष मुलाचा नव्हे. चित्रपटाचाही सर्वस्वी नव्हे. त्याच चित्रपटात इन्स्पेक्टर सलीम आहे, आणि आपल्या निष्ठेविषयी शंका घेतली जाते हे त्याचे दुःख दिग्दर्शकाने सहानुभूतीने रंगविले आहे. गुलफामच्या मनातही फाळणीने केलेली जखम आहे. तथापि निष्ठा सिद्ध करण्याचे ओझे एकट्या सलीमवरच पडते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपल्यातला माणूस पाप करितो तेव्हा आपण त्यास त्या माणसाचा लोभ म्हणतो. परका तेच करितो तेव्हा त्यास त्याच्या जातिधर्माचा स्वभाव म्हणतो. पाप एकच, मापे मात्र दोन.

याच किनाऱ्याचा इतिहास पाहा. काशीदहून दक्षिणेस मुरुड, पुढे राजपुरीची खाडी, खाडीपलीकडे दिघी, आणि त्याहून खाली श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी. १९९३च्या प्रारंभी दिघी व शेखाडी येथे स्फोटके आणि शस्त्रे उतरली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जे स्फोट झाले त्यांत २५७ माणसे मेली. कट परदेशी शिजला, हे खरेच. ते नाकारणे हा मृतांवर अन्याय होईल. परंतु तो माल किनाऱ्यावरून मुंबईस पोचला कसा? सीमाशुल्क खात्यातील अधिकारी आणि स्थानिक पोलीस यांनी लाच घेऊन डोळेझाक केली, म्हणून विशेष न्यायालयाने त्यांच्यापैकी कित्येकांस शिक्षा ठोठावल्या. हे लोक आपल्याच सरकारचा गणवेश घालणारे होते. त्यांच्या अपराधावरून त्यांच्या आडनावांच्या घराण्यांकडे कोणी संशयाने पाहिले नाही, आणि तेच योग्य झाले.

कोणी म्हणेल, रहस्यकथेस खलपुरुष हवाच, आणि तो कोठलातरी असणारच. मान्य. खलपुरुष पाकिस्तानी असण्यास आमची हरकत नाही. त्याची भाषा, पोशाख, प्रार्थना आणि गाणे ही गुन्ह्याच्या पुराव्यासारखी मांडली जातात, तेथे आमची हरकत सुरू होते. गुन्हा माणूस करितो. गझल करीत नाही.

या स्फोटांवरील 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटाचे प्रदर्शन आरोपींच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने थांबविले होते. तो २००७ साली प्रदर्शित झाला. खटला चालू असता प्रेक्षकांनी आधीच निकाल देऊ नये, हा त्यामागील विचार. एका आरोपीस एवढे संरक्षण आपला कायदा देतो. पण ज्याच्यावर कोणताच आरोप नाही, अशा शहाळेवाल्याविषयी पडद्यावरून जो निकाल लागतो त्याविरुद्ध त्याने कोणत्या कचेरीत अर्ज करावा? तेथे न्यायाधीश प्रेक्षकच असतो, म्हणून जबाबदारीही त्याचीच. चित्रपट पाहू नये असे आम्ही म्हणत नाही. पाहून उठल्यावर मुलांशी बोलावे, एवढेच म्हणतो.

आम्ही त्या दिवशी भाच्यास शेखाडीची हकिकत सांगितली. त्याने थोडा वेळ विचार करून विचारले, "मग पोलिसांना पैसे देणारे वाईट, की घेणारे?" दोघेही, असे आम्ही उत्तर दिले. त्या वृद्धाची क्षमा मागणे मात्र आमच्याकडून राहून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो, तेव्हा तो त्या जागी नव्हता.