शेतकऱ्याच्या घरचा शोक आणि साधकाचा धर्म

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचा विचार करणाऱ्यास प्रपंचाचे अनित्यत्व निराळे सांगावे लागत नाही. तथापि अनित्यत्व जाणणे वेगळे आणि घरचे माणूस गेल्यावर त्या ज्ञानाने स्थिर राहणे वेगळे. बैल दावणीला उभे आहेत, मृग तोंडावर आला आहे आणि औत धरणारा हात कायमचा गेला आहे, अशा घरास नुसते सिद्धांतवचन पुरे पडत नाही. तेथे शास्त्र घेऊन कसे जावे, याचा विचार अवश्य आहे.

हा विचार दूरचा नाही. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेले रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र शासनाने ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा यांसह अमरावतीही होता. येथील कापूस बहुतांशी पावसावर अवलंबून. बियाण्यासाठी कर्ज आधी, पीक नंतर. पावसाने खंड दिला की दुबार पेरणी आणि कर्जावर कर्ज. घरधनी गेला तरी कर्ज जात नाही. त्याच्या पत्नीस अश्रू पुसण्यापूर्वीच सातबाऱ्यावर वारसांची नोंद, थकलेली बाकी आणि येऊ घातलेली पेरणी यांना सामोरे जावे लागते.

येथे अशी शंका येते की, सुखदुःख हे कर्माचे फळ असेल तर शोक कशास करावा? याचे समाधान असे की, कर्मविचार हा साधकाने स्वतःच्या आचरणास लावावयाचा आहे. दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून त्याचे दुःख मोजण्यासाठी तो दिलेला नाही. मृताच्या घरी जाऊन “ज्याचे त्याचे कर्म” असे म्हणणाऱ्याने शास्त्राचा शब्द उच्चारला, पण शास्त्राचा हेतू हरवला. ज्ञानाने बोलणाऱ्याचे हृदय कठोर होत असेल तर ते ज्ञान अद्याप त्याच्या अंगी उतरलेले नाही.

दुसरी शंका अशी की, ज्याने स्वतःच्या हाताने देह टाकला, त्याच्या घरी साधकाने कोणत्या भावनेने जावे? मनुष्यदेह हे उद्धाराचे साधन आहे. अहिंसेच्या व्रतात स्वतःच्या जिवाचे रक्षणही येते. म्हणून देहत्यागाची प्रशंसा कोणत्याही निमित्ताने करू नये. परंतु गेलेल्याची निंदा त्याच्या लेकरांसमोर करणे हीदेखील हिंसाच होय. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आला, तेव्हा स्वामींनी त्याची योग्यता विचारली नाही. तो भयाने व्याकुळ होऊन शरण आला, एवढेच पाहिले. शासनाच्या कार्यालयात मृत्यूचे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते, आणि त्यावर कुटुंबाचे साहाय्य अवलंबून असते. तो कार्यालयाचा नियम झाला. शेजाऱ्याने मात्र पात्रता पाहू नये.

तिसरी शंका अशी की, ज्ञानवंतास शोक शोभतो काय? याचे उत्तर पंथाच्या इतिहासातच आहे. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर श्रीनागदेवाचार्यांसारखे अधिकारी पुरुषही वियोगाने विव्हळ झाले. त्यांनी तो शोक लपविला नाही. पण ते शोकातच थांबलेही नाहीत. रिद्धपुरी श्रीप्रभूंच्या सेवेत मंडळींनी काळ वेचला. पुढे श्रीप्रभूंचेही प्रयाण झाल्यावर नागदेवाचार्य स्वामींच्या लीलांच्या स्मरणात मग्न राहू लागले. त्या स्मरणास लिखित रूप यावे म्हणून म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून लीळा मिळविल्या. लीळाचरित्र सिद्ध झाले ते अशा वियोगातून. तेव्हा वियोगातून निघण्याचे दोन मार्ग पूर्वाचार्यांनी आचरून दाखविले : एक सेवा, दुसरा स्मरण, आणि दोन्ही एकट्याने नव्हे, मंडळींसह.

परमेश्वराचे स्मरण आणि मनुष्याची आठवण यांची बरोबरी कोणी करू नये. पहिले उद्धारासाठी, दुसरी सांत्वनासाठी. पण रीत तीच घेता येते. शोकाच्या घरी जावे, आधी ऐकावे. गेलेल्याने कोणाची विहीर खणू लागली, कोणाच्या लग्नात पाणी वाहिले, हे त्याच्या मुलांना सांगावे. म्हणजे बाप केवळ कर्जाच्या आकड्याने त्यांच्या स्मरणात राहणार नाही. मग हात लावावा : एकाने औत द्यावे, एकाने बियाणे, लिहिता-वाचता येणाऱ्याने तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी सोबत जावे. पाहुण्यांच्या पंगतीसाठी नवे कर्ज काढू देऊ नये. आणि घरातील कोणी अबोल झाले, अन्न टाकले, जगण्याचा वीट आल्याचे बोलू लागले, तर त्यास एकटे सोडू नये. वैद्यकीय उपचार हा श्रद्धेचा उणेपणा नव्हे. २०२२ पासून शासनाची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे, हेही सांगावे.

तेराव्या दिवसानंतर लोकांची वर्दळ थांबते, आणि खरा शोक तेव्हाच सुरू होतो. कापूस वेचणीला येतो त्या दिवशी जो त्या घरी पुन्हा जाईल, त्याला अहिंसेचा अर्थ कळला असे समजावे. असे सेवेचे आचरण परमेश्वर सर्वांकडून करून घेवो.

दंडवत प्रणाम.