द्रव्यांतर आणि अग्नी

यज्ञासाठी सांगितलेले द्रव्य मिळेनासे झाले तर यज्ञच सोडावा, की दुसऱ्या द्रव्याने तो पुरा करावा, हा प्रश्न जैमिनीच्या पूर्वमीमांसेने सहाव्या अध्यायात विचारात घेतला आहे. आणि पेट्रोलसाठी घडलेले जुन्या ट्रकचे कार्बुरेटरचे इंजिन मद्यार्कावर चालवू पाहणाऱ्या मिस्त्रीपुढेही, त्याला जैमिनीचे नाव ठाऊक असो वा नसो, तत्त्वतः हाच प्रश्न उभा असतो. या दोहोंना एकत्र आणणे कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु परंपरेत बदल कितपत करावा या आपल्याकडील जुन्या वादात सनातनी आणि सुधारक या दोन्ही पक्षांची भाषा मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे, आणि ती कोठे अपुरी पडते हे या लोखंडी उदाहरणावरून स्वच्छ दिसते.

ब्राझीलमध्ये हा प्रश्न एखाद्या गॅरेजपुरता राहिला नाही. १९७३ साली खनिज तेलाचे भाव कडाडले, १४ नोव्हेंबर १९७५ रोजी तेथील सरकारने मद्यार्काचा राष्ट्रीय कार्यक्रम हुकुमाने सुरू केला, साओ जोसे दोस काम्पोस येथील केंद्रात ऊर्बानो एर्नेस्तो श्टुम्प्फ या अभियंत्याने पेट्रोलची इंजिने मद्यार्काशी जुळविण्याचे काम हाती घेतले, आणि १९७९ साली निव्वळ मद्यार्कावर चालणारी फियाट १४७ बाजारात आली.

टाकीत मद्यार्क ओतला की इंजिन पालटले, असे मानणारा मनुष्य पहिल्याच चढणीला फसतो. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो मद्यार्कास ९ किलो पुरते; म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन दीडपटीहून अधिक सोडले पाहिजे. ते सोडणारा मेन जेट, बोटाच्या पेरावर मावणारा पितळी तुकडा, पेट्रोलच्या मापाचाच ठेवला तर मिश्रण पातळ पडते, कार्बुरेटरमधून उलटे फटाके वाजतात, ओझ्याखाली ट्रक दम टाकतो आणि एग्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळू लागतात. म्हणून १.३० मिलिमीटरचे भोक १.६०च्या घरात न्यावे लागते. आयडल जेट व फ्लोटची पातळीही नव्याने लावावी लागते. मद्यार्काची वाफ होताना तो पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता ओढून घेतो, त्यामुळे थंडीच्या सकाळी इंजिन उठता उठत नाही. ब्राझीलच्या गाड्यांत त्यासाठी पेट्रोलची एक छोटी टाकी निराळी ठेवीत. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ मद्यार्क सोडवून आणतो आणि फिल्टर तुंबवतो, पंपाचा रबरी पडदा फुगवतो, आणि कार्बुरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर आतून पांढरी भुकटी धरते.

आता मीमांसकांकडे वळू. ज्या यागाचा विधी सांगोपांग सांगितला आहे ती प्रकृती, आणि ज्याचा विधी तिच्यावरून उचलावयाचा ती विकृती. हे उचलणे म्हणजे अतिदेश. परंतु उचललेले सर्व जसेच्या तसे बसत नाही, म्हणून नवव्या अध्यायात ऊह व दहाव्यात बाध यांची तजवीज केली आहे. अग्नीसाठी धान्य काढून घेतानाच्या मंत्रात अग्नीचे नाव असते. सौर्य चरू या विकृतीत देवता सूर्य असल्यामुळे तेथे सूर्याचे नाव घालावे, हा ऊह. कृष्णल म्हणजे सोन्याचे दाणे शिजविण्याच्या यागात कांडण गळते, कारण सोन्याला तूसच नाही, हा बाध. मेन जेटचे भोक वाढविणे हा मला सरळ ऊहच दिसतो. आणि जुन्या इंजिनात दाब ७ ला १ च्या आसपास का ठेवला होता? पेट्रोल ठोके देईल या भीतीने. मद्यार्कास ती भीती बरीच कमी, दाब १२ ला १ पर्यंत नेता येतो. तूस संपले, तेव्हा कांडणही संपले. उलट पेट्रोलमध्ये शेकडा १० मद्यार्क मिसळला तर इंजिनाची मांडणी बदलावी लागत नाही: व्रीहीच्या (साळीच्या) अभावी नीवार (रानभात) घेतला तरी तो व्रीही म्हणूनच घेतला जातो व मंत्र तसाच राहतो, त्या प्रतिनिधीसारखी ही गोष्ट आहे.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला, तरीही ज्यांना आपण अक्षरपूजक म्हणून बाजूला सारतो त्या मीमांसकांनी बदलाचे एवढे सूक्ष्म शास्त्र रचले होते, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक चर्चेत जवळजवळ शिरलीच नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते. जेटचे जुने माप पवित्र मानणारा सनातनी आणि नवे इंधन ओतून मोकळा होणारा सुधारक, दोघेही तेच व्हॉल्व्ह जाळतात.

मग न बदलणारे काय? मीमांसकांनी द्रव्याला प्रतिनिधी मान्य केला. देवता, अग्नी, मंत्र व क्रिया यांना नाही. (सौर्य चरूत देवता निराळी आहे ती वेदानेच निराळी सांगितली म्हणून, यजमानाच्या सोयीची तेथे मुभा नाही.) आहवनीयाच्या, म्हणजे आहुतीसाठी विधिवत स्थापलेल्या अग्नीच्या, जागी दुसरा अग्नी चालत नाही, कारण आहुतीचे आहुतीपण त्यानेच येते. इंधन कोणतेही असो, योग्य मात्रेत मिसळून योग्य क्षणी पेटणे हे इंजिनाचे कर्म आहे, आणि जेट, टायमिंग, दाब यांत केलेला प्रत्येक फेरफार त्या कर्मासाठीच न्याय्य ठरतो. कोणत्याही आचाराची सुधारणा करताना मी प्रथम हे विचारीन, की येथे द्रव्य बदलते आहे की अग्नी?

प्रतिनिधीच्या याच विचारात आणखी एक अट आहे, आणि आजच्या घडीला ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रतिनिधी मूळ द्रव्यासारखा असावा एवढे पुरत नाही. तो निषिद्धही नसावा. मुगाच्या जागी उडीद, कितीही सारखा असला तरी, घेता येत नाही, कारण यज्ञात उडीद वर्ज्य आहे. मद्यार्क उत्तम जळतो हे सिद्ध झाल्याने तो ग्राह्य ठरत नाही. तो कशापासून काढला हेही पाहिले पाहिजे. साखर काढून उरलेल्या मळीचा मद्यार्क मी विनातक्रार स्वीकारतो. ताटात पडू शकणाऱ्या तांदळाचा मद्यार्क मला उडदाच्या पंक्तीत बसवावा लागतो; आणि उसाच्या रसाबद्दल, ज्या मराठवाड्यातील गावांना उन्हाळ्यात टँकरने पाणी जाते तेथल्या उसापुरते तरी, माझे मत तेच आहे.