बेने इस्राएल आणि ज्यूपणाची कसोटी
कोकणातले बेने इस्राएल हे ज्यू शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतिदिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. वंशाचा पुरावा कोणी मागितला नाही. १९४८ नंतर हजारो जण इस्रायलला गेले. तिथल्या ‘परतीच्या कायद्याने’ त्यांना ज्यू म्हणून नागरिकत्व मिळाले. विवाहाचा अधिकार मात्र रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, धर्मपीठाकडे होता. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने, इतर ज्यूंशी लग्न करू पाहणाऱ्या बेने इस्राएलांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. शंका अशी, की कोकणात घटस्फोट शास्त्रोक्त ‘गेट’ (घटस्फोटपत्र) देऊन होत नसेल, तर अशा स्त्रीच्या पुनर्विवाहातली संतती ज्यू समाजात विवाहास अपात्र ठरते.

प्रश्न खोल होता. माणूस धर्माचा होतो तो रक्ताच्या निर्दोष साखळीने, की पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या शब्बाथ आणि सुंतेने? ज्यांनी रब्बींवाचून धर्म जपला, त्यांनाच रब्बींनी संशयित ठरवावे, हा अन्यायच होता. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये बेने इस्राएलांचे धरणे झाले. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. मग रब्बींच्या आदेशातून समाजाचे नाव गळले, चौकशीचे तत्त्व राहिले. समाजाचे आचरण मात्र टिकले: प्रेषित एलियाहू हनवींच्या नावाने पोह्यांचा मलिदा इस्रायलमध्ये आजही होतो.