चतकोर

बुंदीचं वजन ३८ किलो भरलं, तेव्हा डॉक्टरांनी मला स्वतःचाच हात तपासायला लावला. हात पालथा धरून बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवायचं. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर वजन बरोबर. वळलेल्या मुठीच्या उंचवट्यांसारख्या लागल्या तर कुत्रं रोड, आणि तळहाताच्या गादीसारखं लागलं तर लठ्ठ. मग ते म्हणाले, "आता हिच्या बरगड्या शोधा." मला एकही सापडली नाही.

बुंदी ही आमची सहा वर्षांची पिवळी लॅब्रॅडॉर. तिचं वजन २९-३० किलो असायला हवं. मी लगेच खुलासा केला, की आम्ही तिला मोजूनच देतो हो, पण ती भारी चोरटी आहे. डॉक्टर नुसते हसले. हे वाक्य त्यांनी त्या दिवशी आधीही दोन-चारदा ऐकलं असणार.

चोरटी तर ती आहेच. गणपतीत नैवेद्याच्या ताटातले मोदक, दिवाळीत झाकण दातांनी उघडून चकल्या, एकदा परातीतली मळलेली कणीक. मनुका घातलेला शिरा तिच्या तावडीतून थोडक्यात वाचला. मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात, त्यामुळे त्या दिवशी शिऱ्यापेक्षा तीच वाचली म्हणायला हवं. पण 'चोर' या शब्दाबद्दल मला अलीकडे शंका यायला लागली आहे. चोरी व्हायला आधी मालकी लागते. कुत्र्याला मालकी कळत नाही असंही नाही, स्वतःच्या हाडावर ते गुरगुरतंच. पण ओट्यावरची पोळी माझी आहे, तिच्यापासून दोन फुटांवर कोणी नसतानाही ती माझीच राहते, ही कल्पना त्याच्या जगात बसणं कठीण आहे. माणसाची पाठ वळली की, किंवा खोलीत अंधार असला की, कुत्री मना केलेलं खाणं जास्त उचलतात हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे त्यांना आपली नजर कळते. नियम कळतो की नाही, हा प्रश्न उरतोच.

"पण तोंड बघा ना कसं करते," असं आम्ही म्हणायचो. कान मागे, डोळे पांढरे, शेपटी पोटाखाली. या अपराधी चेहऱ्यावर अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २००९ सालचा एक प्रयोग आहे. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नव्हता यावर तो चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा यायचा, आणि काहीही न केलेल्या कुत्र्यांना रागावलं तेव्हा तर तो जास्तच ठळक दिसला.

हे मी वाचलं ते उशिरा. त्याआधी लाडवांचं प्रकरण घडून गेलं होतं.

आई गेल्यापासून अण्णा आमच्याकडे असतात. वय ७८, मधुमेह वीस वर्षांचा. पाहुण्यांनी आणलेल्या बेसन लाडवांपैकी चार लाडू डब्यासकट गायब झाले, आणि डबा बुंदीच्या गादीशेजारी सापडला. मी तिला चांगलीच फैलावर घेतली. तिने कान पाडले, नजर चुकवली. मला तेवढा पुरावा पुरला. अण्णा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. रात्री त्यांच्या उशीची खोळ बदलताना आतून बेसनाचा चुरा पडला.

महाभारतात, आदिपर्वात अगदी सुरुवातीच्या कथांमध्येच, एक मार खाल्लेलं कुत्रं येतं. जनमेजयाच्या सत्रात सरमेचं पिल्लू शिरतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला बदडतात. ते रडत आईकडे जातं. त्याने हवी चाटलेला नसतो, त्याकडे पाहिलेलंही नसतं. सरमा येऊन जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, आणि मग ती शाप देते. इतक्या मोठ्या ग्रंथाला एवढ्या लवकर या कुत्र्याची गरज का पडली असेल, असं मला त्या दिवसांत फार वाटायचं. आमच्या घरात शाप द्यायला कोणी आलं नाही. मीच अण्णांसमोर तो चुरा ठेवला.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी खाताना ती एकटीच काही बोलत नाही."

त्या एका वाक्यात ३८ किलोंचा हिशेब होता. ती चोरायची त्याहून जास्त तिला मिळत होतं. सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटं, दुपारी तूप लावलेली एक पोळी, रात्री दूधभाताचा शेवटचा घास. बुंदीला दिवसाकाठी साधारण ९०० कॅलरी पुरतात, त्यात वरखाऊ दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं डॉक्टर सांगतात. तूप लावलेली एक पोळी १२० च्या आसपास जाते. मी अण्णांना ही आकडेमोड करून दाखवली, तर ते म्हणाले, नामदेव काय म्हणून धावले होते मग तुपाची वाटी घेऊन?

याला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. कुत्र्याने पोळी पळवली तर ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव मागे धावले, ही गोष्ट मला अण्णांनीच लहानपणी सांगितली होती. पण त्या गोष्टीतलं कुत्रं धावत होतं. दारी आलेल्या कुत्र्याला चतकोर टाकायचा आपला रिवाज दिवसभर गाव पालथं घालणाऱ्या, बरगड्या मोजता येणाऱ्या कुत्र्यासाठी होता. आमची बुंदी ओट्यापासून गादीपर्यंत चालते. दान तेच राहिलं, घेणारा बदलला.

आणि तिची भूकही साधी नाही. केंब्रिजमधल्या एलेनॉर रॅफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं, की साधारण चारपैकी एका लॅब्रॅडॉरमध्ये 'पीओएमसी' या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. खाणं झाल्यावर 'पुरे' असा निरोप मेंदूत पोचवायचं काम ज्या साखळीतून होतं, ती तिथे तुटते. २०२४ मध्ये त्याच गटाने दाखवलं, की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये जास्त भूक लागते आणि विश्रांतीत त्यांची ऊर्जाही सुमारे पाव भागाने कमी खर्च होते. याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पहिल्याच अभ्यासात होती. अंध-अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्रॅडॉरांच्या ज्या गटाची तपासणी झाली, त्यात चारपैकी तिघांत हा बदल सापडला. संशोधकांचा कयास असा, की खाऊसाठी काहीही करणारी कुत्री लवकर शिकतात, म्हणून नकळत तीच निवडली गेली. म्हणजे ज्या हावरटपणाला आपण हसतो, रागावतो, तो आपल्याच सोयीने वाढलेला असू शकतो. बुंदीची तपासणी मी केलेली नाही. करून माझ्या वागण्यात काय फरक पडणार होता?

तरीही तिला कमी खायला घालायचं का? याचं उत्तर मला वाटलं तितकं सरळ नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर पाहिले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठत होती. पावणेदोन वर्षं कुत्र्याच्या हिशेबात फार मोठी. पण ती हवी आहेत कोणाला? बुंदीला पुढचं वर्ष ठाऊक नाही, आत्ताची भूक ठाऊक आहे. 'तुझ्याच भल्यासाठी' हे मी तिला समजावू शकत नाही, आणि ती 'नको मला तुझं भलं' म्हणू शकत नाही. जिना चढताना तिला लागणारी धाप मात्र आजचीच होती. मी त्या धापेवर निर्णय घेतला. आयुर्मान मला पुरेसं कारण वाटलं नाही.

ठरवलं ते असं, की तिच्या संयमाची परीक्षा घ्यायची नाही. ओटा रिकामा, पोळ्यांचा डबा वर. खाणं भांड्यात न वाढता गच्चीवर पसरून टाकायचं, म्हणजे हुंगून शोधण्यात वीस मिनिटं जातात. मधल्या वेळी काकडी, गाजर. आणि खालच्या फडताळाला लहान मुलांच्या घरात बसवतात तशी खिट्टी. दुकानदाराने विचारलंही, बाळ किती महिन्यांचं?

खिट्टीने काम चोख केलं. आठवड्याभराने मी अण्णांना फडताळाशी वाकलेलं पाहिलं. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांना ती दाबून ओढायला जमत नव्हती. मला पाहून ते सरळ झाले आणि पाणी प्यायला आलो होतो म्हणाले.

मी ती बुंदीसाठीच बसवली होती, हे खरं आहे. बसवताना अण्णांची बोटं माझ्या मनात अजिबात नव्हती, असं मात्र मी शपथेवर सांगू शकणार नाही. बुंदीसाठी मी ठरवते कारण तिला ठरवता येत नाही. अण्णांना येतं. त्यांना साखरेचं सगळं ठाऊक आहे, माझ्याहून जास्त, आणि ते ठाऊक असूनही लाडू हवा असणं हा माणसाचा हक्क आहे की आजार, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. पण त्यांना न विचारता कुलूप लावणं आणि ते कुत्र्यासाठी आहे असं म्हणणं, यात चोरटं कोण होतं ते मला कळलं.

आता अण्णांचा एक डबा त्यांच्या खोलीत असतो. त्यात काय ठेवायचं ते तेच ठरवतात, मी फक्त दर तीन महिन्यांनी रिपोर्ट त्यांच्या हातात देते आणि तोंड बंद ठेवायचा प्रयत्न करते. नेहमी जमत नाही. बुंदी ३३ किलोंवर आली आहे. डॉक्टरांनी चतकोर पोळीची परवानगी दिली आहे, तूप नाही. ती द्यायचं काम अण्णांचं. रोज दुपारी ते चतकोर तोडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतात, चष्मा वर करून आकडा वाचतात, आणि मला हाक मारतात, "नऊ ग्रॅम. चालेल ना गं?" बुंदी तोवर काट्याकडे बघत बसलेली असते, लाळ गाळत.