पंखातला रिव्हेट

अमेरिकेत काही हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये खरंखुरं विमान बांधतात. कंपनीकडून सुटे भाग आणि नकाशे येतात. दोन माणसांच्या पत्र्याच्या विमानाला हजारो रिव्हेट मारायचे. फावल्या वेळातलं हे काम कित्येक वर्षं चालतं. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच करायचं, असा तिथला नियम.

स्वतःचा जीव धोक्यात घालायची हौस असेल एखाद्याला. पण शेजारच्या खुर्चीचं काय? चाचणीचे पहिले साधारण 25 ते 40 तास प्रवासी न्यायला बंदी असते. पुढेही आत पाटी लावावी लागते: हे विमान हौशी माणसानं बांधलंय, नेहमीच्या विमानांचे सुरक्षानियम ते पूर्ण करत नाही. मग जबाबदारी बसणाऱ्याची, असं कोणी म्हणेल. मला नाही पटत. बायको, पोरं पाटी वाचून थोडीच बसतात? ती माणसाच्या भरवशावर बसतात.

पंखाचा पत्रा बंद झाला की आतला वाकडा रिव्हेट कुणालाच दिसत नाही. तो ड्रिलनं काढून पुन्हा मारायचा, की 'चालतंय' म्हणायचं? आपल्याकडे हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलंय. अपघात झाला नाही म्हणून प्रमाद पुसला जात नाही. पाणी गाळताना गाळणं दुपदरी घेतलं की नाही, हे तरी बघायला कोण येतं? तरी आपण दुपदरीच घेतो. हौस खुशाल करावी. शेजारी कुणाला बसवायचं असेल, तर हात असा जपून चालावा.