येण्याचं कारण

शेंगेन व्हिसाच्या अर्जात 'प्रवासाचं कारण' असा एक रकाना असतो. त्यात 'पर्यटन' वेगळं आणि 'नातेवाईक किंवा मित्रांची भेट' वेगळं. आई-आबांचा अर्ज भरताना मी भेटीच्या चौकोनात खूण केली. ते कोल्हापूरजवळच्या उचगावहून निघून फ्लॉरेन्सला पोचले, आणि पुढचा आठवडाभर मी त्यांच्याकडून पर्यटन करून घेतलं.

गाव जगप्रसिद्ध असलं की ही सक्तीच होते. पाहुण्याला ब्रुनेलेस्कीचा घुमट दाखवला नाही, तर आपण काहीतरी लपवतोय असं वाटतं. मी यादी केली होती, वेळेची तिकिटं महिनाभर आधी काढली होती. सकाळी नऊला बाहेर, दुपारी डबा बाकावर बसून, संध्याकाळी पाय शेकायला गरम पाणी. आई-आबा प्रत्येक ठिकाणी म्हणायचे, "छान आहे." सोयरिकीच्या घरी पहिल्यांदा चहा घेताना जो स्वर लागतो, तोच हा. उफिझीत बोत्तिचेल्लीच्या व्हीनसपुढे मी बोलत होते, शेजारच्या बाकावर आबांना डुलकी लागली होती. मला राग आला. तिकिटाच्या पैशांचा होता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आता वाटतं, परदेशात राहणारी मुलं आई-वडिलांना शहर दाखवतच नाहीत. ती आपला निर्णय दाखवतात. घर सोडून एवढ्या लांब आलो ते उगाच नाही, हे सांगायला आपल्याला साक्षीदार लागतो, आणि सहाशे वर्षांचा घुमट हा फार भारदस्त साक्षीदार आहे. वडील डुलकी घेतात तेव्हा चित्रकाराचा अपमान होत नसतो. आपला खटला कुणी ऐकत नाही, म्हणून आपण चिडतो. लंडनची, म्युनिकची मराठी घरं मी पाहिली आहेत. फ्रीजवर आई-वडिलांच्या दौऱ्याचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं, त्यात विश्रांतीचासुद्धा एक दिवस असतो. फोटो गावच्या ग्रुपवर जातात. आई-वडीलही समजून असतात आणि सांगितलेल्या जागी उभे राहतात.

बंड आईने केलं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मी दमलो बाई. आज मला कुठलं चर्च नको. तू भाजी कुठनं आणतीस ते दाखीव."

मग आम्ही माझ्या रोजच्या रस्त्याने चाललो. भाजीचं दुकान, ट्रामचा थांबा, कचरा कुठे टाकायचा ते डबे, आजारी पडले की जिथे जाते तो दवाखाना, ऑफिसचं मागचं दार. प्रत्येक ठिकाणी ती थांबायची आणि आजूबाजूला नीट बघायची. तिने दुकानदाराचा चेहरा पाहून ठेवला. ट्राम सुटायला किती मिनिटं असतात तेही विचारलं. हे सगळं कशाला, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "फोनवर तू थांब्यावर उभी हाय म्हणतीस, तवा माझ्या डोळ्यासमोर काहीच येत न्हाई."

ती एवढ्याचसाठी आली होती. फ्लॉरेन्स तिला हवं होतं ते फोनमध्ये मावेल एवढं.

पण म्हणून घुमट-पुतळे आई-वडिलांच्या कामाचे नाहीत, त्यांना घर आणि बाजार दाखवावा, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो मला मान्य नाही. त्यात एक छुपी तुच्छता आहे. म्हाताऱ्यांना काय कळणार, त्यांना डाळभात द्या. आबांनी तो निष्कर्ष दुसऱ्याच दिवशी खोडून काढला.

आबा शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होते, वाळूचे साचे करायचे. पिआत्झा देल्ला सिन्योरियात एका बाजूला उघडी कमानदार ओसरी आहे, तिथे चेल्लिनीचा ब्राँझचा पर्सियस उभा आहे, हातात मेदुसाचं मुंडकं घेऊन. १५४५ साली काम हाती घेतलं, १५५४ साली ते लोकांपुढे आलं. मी ग्रीक पुराणकथा सांगायला लागले. आबांनी हात वर करून मला थांबवलं, पुतळ्याला एक फेरी घातली, वर पसरलेल्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "हे एका ओतात काढलंय?"

सुदैवाने चेल्लिनीचं आत्मचरित्र मी वाचलेलं होतं. ओतकामाच्या दिवशी त्याला ताप भरला. तो पडून राहिला, भट्टी कारागिरांवर सोपवली, आणि धातूचा गोळा व्हायला लागला. मग तापातच उठून त्याने ओकची लाकडं जाळात घातली, आणि घरातली कथलाची ताटं-वाट्या, दोनशेच्या आसपास, एकेक करून धातूत टाकली. धातू पुन्हा पातळ झाला आणि साचा भरला.

आबांचा चेहरा पहिल्यांदा जागा झालेला मी पाहिला. "कथील बरोबर. धातू पळायला लागतो. आमच्या बिडात वेगळं टाकतात, पण गोष्ट तीच." मग त्यांनी विचारलं, "कुठं भरलं नाही?" ब्राँझच्या पुतळ्यापुढे उभं राहून हा प्रश्न विचारणारी माणसं किती असतील? "उजव्या पायाची बोटं," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. "लांबचं टोक. तिथं मिसरन येणारच." पाऊण तास ते तिथे होते. रायझर कुठे ठेवले असतील, मेणाचा साचा असताना हवा कुठून काढली असेल, एवढं वजन उचललं कसं. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. वाटाड्या बदलला होता.

जुनं शहर माहितीने उघडतं ही माझ्यासारख्या शिकलेल्यांची समजूत. माहिती कुणालाही मिळते, कानाला यंत्र लावलं की पाच भाषांत मिळते. शहर उघडतं ते बघणाऱ्याच्या हाताला आधीच काय येतं त्यावर. आबांच्या हातात चाळीस वर्षांची वाळू होती. व्हीनसपुढे ती उपयोगी पडली नाही, पर्सियसपुढे पडली, इतकंच. अडाणीपण कुठेच नव्हतं. आपण आई-वडिलांना श्रोते करून नेतो आणि मग ते नीट ऐकत नाहीत अशी तक्रार करतो.

पुराच्या खुणांचंही तसंच झालं. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी शहरात शिरली, तेव्हाचं पाणी कुठवर चढलं होतं ते सांगणाऱ्या पाट्या फ्लॉरेन्सच्या भिंतींवर ठिकठिकाणी आहेत. मी इतकी वर्षं त्यांच्याखालून जाते. आईने पहिल्याच दिवशी एक ओळखली होती आणि मी दाखवलेल्या गोष्टींत ती बसत नव्हती म्हणून गप्प राहिली होती. पंचगंगेच्या २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, चिखलीचे पाहुणे आठवडाभर आमच्या घरी होते. राष्ट्रीय ग्रंथालयातली चिखलाने माखलेली पुस्तकं देशोदेशीच्या पोरांनी हातोहात बाहेर काढली आणि इथले लोक त्या पोरांना 'चिखलाचे देवदूत' म्हणतात, हे सांगितल्यावर आई म्हणाली, "आमच्याकडं बी तालमीची पोरं आली होती." तुलना बरोबर होती. तिला दुरुस्त करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

शेवटच्या रविवारी आम्ही काशिनेला गेलो. आर्नोच्या काठाने तीनेक किलोमीटर लांब पसरलेला हा बगीचा. त्याच्या पश्चिम टोकाला मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. तिथे एक छत्री आहे, आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. आबांनी विचारलं, "विमानतळाचे?" नाही. उजळाईवाडीच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते शाहू महाराजांचे चिरंजीव. हे त्यांच्या आधीचे, शाहू महाराज गादीवर येण्याच्याही आधीचे. १८६६ मध्ये गादीवर बसले, १८७० मध्ये विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस.

त्यांनी प्रवासात रोजनिशी ठेवली होती. सोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ मध्ये छापली. म्हणजे तेही एका अर्थाने दाखवून आणलेले पाहुणे होते. साम्राज्य आपल्या संस्थानिकांना लंडन दाखवायचं ते काही त्यांच्या करमणुकीसाठी नव्हे. आपण केवढे आहोत आणि तुमच्यावर राज्य का करतो, ते त्यांना दिसावं म्हणून. हे वाचताना मला माझी तिकिटांची यादी आठवली आणि बरं वाटलं नाही.

महाराज वारले त्या रात्री मात्र दाखवणारा बाजूला पडला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहन ही तिथे जवळपास न ऐकलेली गोष्ट. मिलानमध्ये आधुनिक पद्धतीचं पहिलं दहन झालं ते १८७६ मध्ये, सहा वर्षांनंतर. महाराजांच्या माणसांना दहनाची परवानगी मिळवावी लागली आणि जागा शोधावी लागली. परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या शहरात त्या माणसांना मेदिचींचे राजवाडे दिसले नाहीत. त्यांना दोन नद्या कुठे मिळतात ते दिसलं. फ्लॉरेन्सच्या कुठल्या वाटाड्याने पाहुण्याला तो संगम दाखवला असता? प्रयागच्या, नरसोबाच्या वाडीच्या माणसाला तो बरोबर सापडतो.

१८७४ मध्ये तिथे स्मारक झालं. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, छत्री मेजर मँट यांची. ज्यांनी कोल्हापूरचा नवा राजवाडा रेखला तेच हे मँट. शेजारून १९७८ मध्ये एक मोठा तारांचा पूल झाला, त्याचं नाव 'इंदियानो'चा पूल. हजारो गाड्या रोज त्यावरून जातात, रेडिओवर तिथल्या कोंडीची बातमी असते, आणि हा इंदियानो कुठला कोण, हे बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही. आबा म्हणाले, "आपल्या तावडे हॉटेलसारखं." उचगावच्या फाट्यावर उतरणारा कुणी तावडे कोण हे विचारत नाही.

आईने पायातल्या चपला काढल्या. नोव्हेंबरची ओली फरशी होती, मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. जगातल्या एवढ्या मोठ्या कलानगरीत जाऊन कोल्हापूर शोधायचं, हा कूपमंडूकपणा नव्हे का? कधीकधी असतो. दरवर्षी नोव्हेंबरअखेरीस या पुतळ्याचा फोटो 'साता समुद्रापार आपला झेंडा' अशा मजकुरासह मला चार-पाच जणांकडून येतो. वीस वर्षांचा मुलगा घरापासून दूर आजारी पडून गेला, यात झेंड्याचं काय आहे? तो अभिमान मला पोकळ वाटतो, कारण तो फ्लॉरेन्सकडे बघतच नाही. पण आबा पर्सियसपुढे कोल्हापूर शोधत नव्हते. ते चेल्लिनीची अडचण समजून घेत होते, आणि ती समजायला त्यांच्याकडे शिरोलीच होती. पाय ठेवायला आपली फळी लागते, नजर पलीकडे जाऊ शकते. आणि फळीच काढून घेतली तर माणूस "छान आहे" एवढंच म्हणू शकतो.

परत येताना ट्राममध्ये मी आबांना एक गोष्ट सांगितली, तीही वाचलेली. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात रोमन वस्तू सापडल्या. त्यांत ब्राँझची एक छोटी मूर्ती आहे. समुद्रदेव पोसायडन, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, रोमन जगातून व्यापाराच्या वाटेने आलेला. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात असते, आणि टाउन हॉलची इमारतही मँट यांचीच.

"ओतीव हाय?" आबांनी विचारलं.

मला सांगता आलं नाही. उचगावात मी बावीस वर्षं काढली. टाउन हॉलवरून कॉलेजला जाताना केएमटीची बस रोज जायची. तो पोसायडन मी कधी पाहिलेला नाही. आबांनीही नाही.