झाड लावण्याचे पैसे, झाड जगवण्याचे पैसे

महापालिकेच्या अंदाजपत्रकात झाडे लावायला पैसे असतात, जगवायला नसतात. जूनमध्ये खड्डे, रोपे, लोखंडी जाळ्या आणि फलक यांचा खर्च एका बैठकीत मंजूर होतो. पुढच्या मार्चमध्ये त्याच रोपांना टँकर कोण पाठवणार, याचे उत्तर कुठल्याच फाइलीत नसते. शहरातल्या हिरवाईचा खरा प्रश्न या दुसऱ्या खर्चाचा आहे.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने या प्रश्नाला गटारांच्या बाजूने हात घातला. तिथल्या सुमारे 60 टक्के भागात सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाते. जोराचा पाऊस झाला की मैला थेट नद्यांत. 2011 मध्ये शहराने 25 वर्षांची योजना हाती घेतली: पाऊस शक्यतो पडेल तिथेच मुरवायचा. रस्त्याकडेला झाडांचे खोलगट वाफे, पाणी मुरेल अशी शाळांची मैदाने, छतांवर हिरवळ.

पण मला या योजनेइतकेच महत्त्वाचे वाटते ते तिथले बिल. पूर्वी पावसाळी गटारांचा खर्च पाण्याच्या मीटरवरून वसूल होई. भल्यामोठ्या डांबरी वाहनतळाला नळजोडणीच नसेल, तर त्याच्या मालकाला काहीच भरावे लागत नसे. पाण्याचा लोंढा मात्र तिथूनच गटारात जाई. 2010 पासून निवासेतर मिळकतींना पाणी न मुरणाऱ्या जागेच्या हिशेबाने आकारणी टप्प्याटप्प्याने लागू झाली. पाणी आपल्याच आवारात जिरवले, तर बिलात सूट. ज्याने जमीन झाकली त्याने खर्च उचलायचा, आणि तोही दरवर्षी.

याच शहरात आरोग्याचाही पुरावा मिळाला. संशोधकांनी 541 ओसाड भूखंड चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. काहींवरचा राडारोडा उचलून गवत आणि थोडी झाडे लावली, लाकडी बुटके कुंपण घातले आणि महिन्याच्या महिन्याला देखभाल ठेवली. काहींवरचा फक्त कचरा काढला. काही तसेच सोडले. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: हिरव्या केलेल्या भूखंडांशेजारी खिन्नता जाणवणाऱ्यांचे प्रमाण, तशाच सोडलेल्या भूखंडांच्या तुलनेत, 41.5 टक्क्यांनी घटले. नुसता कचरा काढल्याने मनःस्वास्थ्यात लक्षणीय फरक पडला नाही. एका भूखंडाचा खर्च सुमारे 1,600 डॉलर, नंतर वर्षाला 180 च्या आसपास. एवढ्या स्वस्त उपचाराला आरोग्याच्या निधीतून पैसे का मिळू नयेत?

आपल्याकडे 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने हरित कर्जरोख्यांतून 200 कोटी रुपये उभारले. पायी आणि सायकलने फिरता येईल असे हिरवे मार्ग त्यातून व्हायचे आहेत. पाऊल चांगलेच आहे. मात्र कर्जरोखे म्हणजे कर्ज. त्यातून बांधकाम होते, माळ्याचा पगार होत नाही. पुणे महापालिका पर्जन्यजल संधारण, सौरऊर्जा, गांडूळखत यांसाठी मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत देते. पाणी मुरवणाऱ्याला बक्षीस आहे, पण सगळे आवार पेव्हर ब्लॉकने बंद करणाऱ्या मॉलला त्याबद्दल वेगळा आकार नाही.

तो लावावा. सुरुवात मोठ्या व्यापारी मिळकतींपासून करावी, वस्त्यांतल्या लहान घरांना वगळावे. जमा झालेली रक्कम देखभालीच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी, आणि खर्च आधी तिथे करावा जिथे पत्र्याची घरे दुपारी तापतात आणि सावलीला झाड नाही. काम त्याच वस्तीतल्या बचत गटांना तीन वर्षांसाठी द्यावे. रोपे लावली म्हणून पूर्ण पैसे देऊ नयेत. मोठा हप्ता तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जिवंत झाडे मोजून द्यावा.